अर्जाची पोच मागितली की टेबलामागच्या माणसाला राग का येतो?

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलोय कारण काल आईच्या हातात सातबारा दिला आणि ती चष्मा लावून त्याच्याकडे किती तरी वेळ बघत बसली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. पावणेतीन एकर जमीन, वारस आम्ही चौघं, आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण. कुणाचं कुणाशी भांडण नाही, बहिणीने सह्या द्यायला एक दिवस लावला नाही. म्हणजे साधी सरळ वारस नोंद. तिला तीन वर्षं लागली.

पहिला अर्ज वडिलांचं दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरात दिला. साध्या कागदावर, मृत्यू दाखला, आठ-अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा), रेशनकार्डाची झेरॉक्स सगळं जोडून. तलाठी भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते, चहा पाजला, म्हणाले ठेवून जा, करून टाकतो. मी म्हटलं पोच मिळेल का? चेहराच बदलला हो त्यांचा. "आमच्यावर विश्वास नाही का?" आता असं तोंडावर कुणी विचारलं की गावातला माणूस काय बोलणार, मी ओशाळलो आणि निघून आलो. पुढे आठ महिने सर्व्हर चालत नाही, इलेक्शन ड्युटी आहे, पंचनाम्याला गेलेत हेच ऐकत राहिलो. पुण्याहून गाव साडेपाच तास, प्रत्येक खेपेला एक रजा. मग त्यांची बदली झाली. नवीन मॅडम आल्या, त्यांनी सगळं दप्तर माझ्यासमोर उघडून दाखवलं, म्हणाल्या तुमचा अर्जच नाही इथे. आणि त्या खरं बोलत होत्या. माझ्याकडे पुरावा काय? काहीच नाही.

दुसऱ्यांदा तालुक्याला आवक शाखेत गेलो. तिथे म्हणाले आधी साहेबांचा शेरा आणा मग शिक्का मारू. साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब साईटवर. ह्यात दीड वर्ष गेलं, सगळं सांगत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीच आहे.

तिसऱ्यांदा ऑफिसातल्या एका मित्राने महसूल खात्याच्या ऑनलाईन ई-हक्क प्रणालीचं सांगितलं. वारस नोंद, बोजा (जमिनीवरचं कर्ज) चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं अशी कामं तिथून घरबसल्या टाकता येतात. रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर अर्ज भरला, कागद अपलोड केले आणि अर्ज क्रमांक आला. नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीची वाट बघितली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार (नाव बदलल्याची नोंद) प्रमाणित केला. ५२ दिवस. तेच ऑफिस, त्याच मॅडम, तेच सर्व्हर.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझी आई एसटीने रात्रीची एकटी प्रवास करते. पोस्टात तिची आरडी आहे आणि बँकेपेक्षा पोस्टावर तिचा जास्त भरोसा. आम्हा तिन्ही भावंडांना तिने लसी सरकारी दवाखान्यातच टोचल्या. हे सगळं सरकारच ना? पण तहसीलला जायचं म्हटलं की म्हणते कुणीतरी ओळखीचं बरोबर घे रे बाबा. मला वाटतं फरक हाच की एसटीत तिकीट हातात पडतं, पोस्टात पासबुकावर शिक्का पडतो, दवाखान्यात लसीच्या कार्डावर तारीख लिहून देतात. हातात काहीतरी येतं ज्याच्या जोरावर उद्या बोलता येतं. महसुलात अर्ज देऊन माणूस मोकळ्या हाताने घरी येतो. माझं म्हणणं एवढंच की लोकांचा विश्वास भाषणांनी आणि जाहिरातींनी बसणार नाही, पहिल्या दिवशी हातात पोच द्या, निम्मं काम तिथेच होईल.

तुमचे अनुभव लिहा. चांगलेही लिहा, नुसत्या तक्रारी नकोत.

सुमेधा_पुणे

आईंना नाव लागलं हे वाचून खरंच बरं वाटलं. चांगला अनुभव मागितलात म्हणून लिहिते. मुलीच्या ॲडमिशनसाठी अधिवास दाखला हवा होता. आपले सरकार पोर्टलवर घरून अर्ज केला, मुदत पंधरा दिवसांची दाखवत होती, दाखला सहाव्या दिवशी आला, डिजिटल सही असलेला, कुठल्याही ऑफिसची पायरी चढले नाही. माझ्या वडिलांनी माझ्या वेळी ह्याच कागदासाठी दोन सुट्ट्या आणि एका ओळखीच्या नगरसेवकाचं पत्र घालवलं होतं. तो फरक मी विसरू शकत नाही.

पण एक बघितलं. सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना हाच दाखला हवा होता, त्यांना पोर्टल जमेना म्हणून त्या अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर गेल्या. तिथे भिंतीवर दरपत्रक लावलेलं, आणि मागितले त्याच्या कितीतरी पट. वर प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर घ्यायला लावला. जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणजे माझा विश्वास वाढला तो मला लॅपटॉप येतो म्हणून. मावशींना सरकार भेटलं ते त्या केंद्रवाल्याच्या रूपात.

गजू_यवतमाळ

पोचीनं काय होते भाऊ. माह्याजवळ पोच आहे. अतिवृष्टीत कपाशी गेली, पंचनामा झाला, यादीत नाव आलं, व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) भेटला, केंद्रावर जाऊन अंगठा देऊन केवायसी केली, तिथून पावती बी भेटली. पावती मी लॅमिनेशन करून ठेवली आहे. पैसे काही आले नाहीत. बँकेत गेलो तर म्हणते आमच्याकडं काही आलं नाही, तहसीलला विचारा. तहसीलवाले म्हणते आम्ही तं वरती पाठवलं, आता वरूनच होईल. वर म्हणजे कुठं ते कोणी सांगत नाही. बाजूच्या शेतवाल्याचे आले, त्याचं अन् माहं सारखंच नुकसान.

अन् दुसरं सांगतो, फेरफारासाठी मी पाचशे रुपये देल्ले. देणार नव्हतो पण बँकेत कर्जाचं काम अडलं होतं, पेरणी तोंडावर होती. आजपर्यंत त्याचं वाईट वाटते मले. लोक म्हणते १०६४ वर फोन करून लाचलुचपतवाल्यांना सांगायचं, पण त्याच माणसाकडं पुढची वीस वर्षं काम राह्यते आपलं. तुम्ही पुण्याले राहता, तुमचं एक काम झालं की सुटलं. मले त्याच चावडीवर जा लागते.

निवृत्त_अव्वल_कारकून

धागा वाचला. एकतीस वर्षं महसुलात काढली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो, कुणाला वाईट वाटलं तर माफ करा.

आधी धागाकर्त्यांना. तुम्ही पोच मागितली ही मेहेरबानी मागितली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, त्यातलं कलम १४९ काढून वाचा. वारसाने, खरेदीने, वाटणीने, कशानेही जमिनीत हक्क आला तर त्या माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, आणि तलाठ्याने कळवल्याची लेखी पोच त्याला ताबडतोब द्यायची. ताबडतोब ही अट कायद्यातच आहे. त्यातही बघा, कळवायचं ते तोंडी किंवा लेखी. म्हणजे तुमच्या आईने चावडीवर जाऊन नुसतं तोंडी सांगितलं असतं की मालक गेले, आता आम्ही वारस, तरीसुद्धा त्या माऊलीला लेखी पोच द्यायची आहे. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांना माहीत होतं की शेतकरी लिहिणारा असेलच असं नाही.

मग राग का येतो? मी खरं सांगतो. पोच दिली की घड्याळ सुरू होतं. तारीख पडली की दिरंगाई मोजता येते. अर्ज नुसता टेबलावर ठेवून घेतला की तो माझ्या मर्जीने आला, माझ्या मर्जीने जाईल. २०१५ ला लोकसेवा हक्क कायदा आला तेव्हा आमच्या ऑफिसात पहिली चर्चा हीच झाली होती. त्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे, नाकारायचं तर कारण लेखी द्यायचं, मुदत चुकली तर पहिलं अपील, दुसरं अपील, तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे, आणि दंड पाचशेपासून पाच हजारापर्यंत. सेवांची यादी आणि मुदत ऑफिसच्या दर्शनी भागात लावायची. हे सगळं कागदावर उत्तम आहे. पण सगळ्याची सुरुवात अर्ज नोंदवल्यापासून होते. नोंदच केली नाही तर मुदत कुठून मोजणार, अपील कशावर करणार? म्हणून काही जण दारातच अडवतात. साहेबांचा शेरा आणा म्हणणं हा त्यातलाच प्रकार. आवक शाखेला शिक्का मारायला कुणाच्या शेऱ्याची गरज नसते.

आता दुसरी बाजू. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजे (तलाठ्याच्या कामाचे विभाग) असतात, प्रत्येकात अनेक गावं. गारपीट झाली पंचनामा तोच करणार, निवडणूक आली तोच, पीक पाहणीच्या तक्रारी त्याच्याकडे, वाळूची गाडी पकडायला रात्री तोच. मी माझ्या डोळ्यांनी पोरं रडताना बघितली आहेत, डिजिटल सही चालेना म्हणून रात्री दोनला उठून बसायची कारण तेव्हा सर्व्हर हलका असतो. आता २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, काम तेच राहिलं. ह्या माणसाने पोच दिली तर मुदतीत काम होणार नाही हे त्याला आधीच माहीत असतं. तो तुमच्यावर नाही, स्वतःच्या अडचणीवर रागावलेला असतो. हे समर्थन म्हणून नाही सांगत. मी स्वतः उमेदीच्या काळात लोकांना पोच नाकारली आहे आणि आज त्याची मला लाज वाटते.

बांधावरचा

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तोंडी सांगितलं तरी लेखी पोच?? आणि १९६६ पासून?? मला तीन वर्षांत एकाही माणसाने हे सांगितलं नाही, वकिलाने पण नाही. आई वडील गेल्यावर पंधराव्या दिवशीच चावडीवर जाऊन आली होती हो, मला न सांगता, नुसतं कळवायला. तिला म्हणाले मुलाला पाठवा.

गजूभाऊ, तुम्ही म्हणताय ते पटलं. माझं काम एकदाच होतं, तुम्हाला रोज तिथेच जायचंय. हा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता.

सिस्टर_पालघर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. सगळे महसुलाचं बोलताहेत म्हणून आरोग्याचं लिहिते.

बांधावरचा दादा, तुम्ही लसीच्या कार्डाचं लिहिलंत ते अर्धं खरं आहे. कार्ड असतंच, पण आमच्या पाड्यावर बाई कार्ड बघून बाळ पुढे करत नाही, ती आशाताईचं तोंड बघून करते. २०२१ ला कोविडची लस आली तेव्हा मी बॉक्स घेऊन पाड्यावर जायचे आणि सगळी दारं बंद. लोक शेतात, रानात निघून जायचे. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असं मोबाईलवर सगळीकडे पसरलेलं. कलेक्टर ऑफिसची गाडी भोंगा लावून फिरून गेली, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या आशाताईने अंगणात सगळ्यांसमोर स्वतःच्या सासूला आधी टोचून घ्यायला लावलं, मग स्वतः घेतली, आणि त्या रात्री ती मुद्दाम पाचसहा घरी जाऊन बसली की बघा मी बरी आहे. दुसऱ्या आठवड्यात रांग लागली. ती रांग सरकारवर विश्वास ठेवून नव्हती आली, तिच्यावर ठेवून आली होती. तिने कित्येक बायकांना बाळंतपणासाठी रात्रीबेरात्री १०८ मधून पोचवलंय, त्याची ती कमाई होती.

पोलिओचंही तसंच. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओची केस नाही आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्त म्हणून सर्टिफिकेट मिळालं, पण त्याच्या मागे खडूने दारावर खुणा करत फिरणाऱ्या बायका आहेत. बूथवर न आलेलं एकेक मूल शोधायला आम्ही वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत जायचो. बोटाला शाई लावायचो ती पण एक प्रकारची पोचच म्हणा, पण ती आईला दिलेली नव्हती, आमच्यासाठी होती, की हे मूल सुटलेलं नाही. दादा, मला वाटतं फरक इथे आहे. आरोग्यात आम्हाला माणूस शोधत जावं लागतं आणि चुकला तर जाब आम्हाला विचारतात. तहसीलला माणसानेच खेटे घालायचे आणि चुकलं तर जाबही त्यालाच.

आणि वाईट एवढ्याचंच वाटतं की जिच्या जिवावर ही रांग लागते त्या आशाताईला पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वेळेवर येत नाही म्हणून तिला आझाद मैदानावर बसावं लागतं.

रेगे_बर्लिन

इथे बर्लिनमध्ये राहतो. तिकडचं सगळं वाईट आणि इकडचं सगळं चांगलं असं मुळीच नाही हे आधी सांगतो. नवीन घरात राहायला गेलं की चौदा दिवसांत पत्ता नोंदवायचा असा इथे नियम आहे आणि त्यासाठी नागरी कार्यालयाची अपॉइंटमेंट कित्येकदा चौदा दिवसांत मिळतच नाही. व्हिसा वाढवायच्या ऑफिसचं तर विचारू नका, महिनोन्महिने उत्तर येत नाही. पण मुदत संपायच्या आत अर्ज केल्याचं दाखवता आलं की तो निकाली निघेपर्यंत माझा इथला हक्क चालू राहतो. म्हणजे उशीर त्यांचा झाला तर त्याचा भुर्दंड माझ्यावर येत नाही. नोकरी सुटत नाही, घर सुटत नाही. कुलकर्णीकाका, म्हणजे कारकूनकाका (माफ करा, आमच्या काकांसारखं लिहिता म्हणून तोंडात आलं), आपल्याकडे असं कुठे आहे का? की अर्ज दिला आणि उशीर झाला तरी माणसाचं काम अडणार नाही?

निवृत्त_अव्वल_कारकून

रेगे, काहीही म्हणा, चालेल. प्रश्न चांगला विचारलात. सर्रास तसं नाही. मुदत संपली की दंड अधिकाऱ्याला होतो, अर्जदाराचं काम मात्र अडलेलंच राहतं. पोराची ॲडमिशन गेली तर अपील जिंकून काय करायचं? ही मोठी उणीव आहे आणि ह्यावर कुणी फारसं बोलत नाही.

अजून एक कायदा आहे जो लोक विसरलेत, २००५ चा, बोलीभाषेत दप्तर दिरंगाईचा म्हणतात. बदल्यांचं विनियमन आणि विलंब प्रतिबंध, दोन्ही एकातच. त्यात म्हटलंय की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. अण्णा हजारेंच्या आंदोलनांनी ज्या गोष्टी लावून धरल्या त्यांतली ही एक. माहिती अधिकार तर आपल्या राज्यात २००२ लाच आला, केंद्राचा २००५ ला. तेव्हा कागदाची कमतरता नाही आपल्याकडे.

गजूभाऊ, तुम्हाला एक सुचवतो. माहिती अधिकारात "पैसे का नाही आले" असं विचारू नका, का ह्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. असं लिहा, की अमुक व्हीके नंबरच्या प्रकरणात आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी आणि ती सध्या कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे आहे ह्याची माहिती द्यावी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीस दिवसांत उत्तर आलंच पाहिजे. बहुतेक वेळा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडे गेलेले असतात, किंवा परत गेलेले असतात. कुठे अडलंय ते कळलं की सोडवता येतं. लिहून पाठवा, मी मसुदा बघून देतो.

गजू_यवतमाळ

काका, अंगणवाडीच्या वेळेस बायकोनं एक खातं काढलं होतं जॉइंट, त्यालेच आधार असंल का? उद्या जाऊन पाहतो. हे आजवर कोणीच सांगतलं नाही मले. केंद्रावरच्या पोरानं पावती देल्ली अन् म्हणे झालं तुमचं.

आजीचा_नातू

माझ्या आजीचं वय ८१. रेशन दुकानात मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपणी आणि भांडी, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, काकी म्हणतो, पण मशीन नाही म्हणतं. दहाही बोटं लावून बघितली, लिंबू चोळून आणा म्हणाला, तेही केलं. दोन महिने तिचं धान्य बुडालं. ती मला म्हणाली, "मी मेले असं वाटतंय का रे त्यांना?" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर कळलं की अंगठा नाही जुळला तर ओटीपी आहे, नाहीतर नेमलेला माणूस येऊन खात्री करू शकतो. पण हे दुकानदाराला सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. भांडावं लागलं. माझं म्हणणं एवढंच की पोच, पावती, ऑनलाईन हे सगळं ठीक आहे पण ते माणसाला ओळखण्यासाठी असावं, माणूस खोटा आहे असं धरून नसावं. वरती सरकारवर लोकांचा विश्वास का नाही असं चाललंय. मला उलटं विचारायचंय, सरकारचा माझ्या आजीवर विश्वास कधी होता? दर वर्षी हयातीचा दाखला, दर थोड्या दिवसांनी नवीन केवायसी. तिने कधी कुणाला फसवलंय?

सिस्टर_पालघर

नातू दादा, आजीला नमस्कार सांगा. वाचून डोळ्यात पाणी आलं.

सुमेधा_पुणे

नातू, तुमचा शेवटचा परिच्छेद फार खरा आहे. ह्याच कारणाने २०१५ मध्ये स्वयंघोषणा आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतील असा शासन निर्णय निघाला होता ना? म्हणजे गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायची गरज नाही, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. माझ्या मुलीच्या कॉलेजात अजूनही अटेस्टेड कॉपी आणा म्हणतात. मी पुढच्या वेळी तो निर्णय प्रिंट काढून घेऊन जाणार आहे.

पेडण्याचो_झिलगो

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे तलाठी आहेत आणि मामलेदार कचेरी, आणि सातबाराच्या जागी फॉर्म एक-चौदा. वेळेत सेवा द्यायचा कायदा आमच्याकडे २०१३ लाच झाला, तुमच्या आधी. तरी म्युटेशनसाठी माझ्या मामाने दोन पावसाळे काढले. एक गोष्ट मात्र आमच्याकडे बरी, राज्य लहान आहे, कचेरीतला माणूस कुणाच्या तरी ओळखीचा असतोच, जत्रेत, फेस्ताला भेटतो. त्याला तोंड दाखवायचं असतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की ज्याची ओळख नाही त्याचं कठीण. बाहेरून येऊन इथे तीस वर्षं राहिलेल्या लोकांचे हाल मी बघितलेत.

बांधावरचा

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. मी धागा काढला तेव्हा मला वाटत होतं पोच दिली की सुटलं. आता तेवढं सोपं वाटत नाही. गजूभाऊंकडे पोच होती तरी विचारायला जागा नव्हती, आजींच्या बाबतीत तर अख्खं दुकान ओळखत असून मशीन नाही म्हणालं, आणि सिस्टरताईंच्या पाड्यावर कागदाचा काही संबंधच नव्हता. पण तरी मी माझा मुद्दा सोडत नाही. माझ्या आईला पंधराव्या दिवशी चावडीवर एक चिठोरं मिळालं असतं तर ती मुलाची वाट बघत बसली नसती. तिला वाटलं असतं की आपण सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

अजून एक. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची, बुलढाण्यात सुरू होऊन मग राज्यभर. आमच्या भागात काही लोकांची कामं त्यात झाली, गावात येऊन यादी वाचून वारस लावले. म्हणजे ठरवलं तर यंत्रणा घरापर्यंत येते. हे सिस्टरताई म्हणतात तसंच झालं की, माणूस शोधत गेले. मोहीम संपल्यावर हे का थांबावं? मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतेच, तिथून तलाठ्याकडे आपोआप का जाऊ नये, ज्या घरात माणूस गेलाय त्या घरानेच का धावायचं? काका, हे तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतं का?

निवृत्त_अव्वल_कारकून

होऊ शकतं. मृत्यू नोंदणी एका खात्याकडे, अधिकार अभिलेख (सातबारा वगैरे) दुसऱ्या खात्याकडे, दोघांच्या मधे अर्जदार हाच पूल झालाय. पूर्वी कोतवाल गावात राहायचा, कोण गेलं, कोण आलं त्याला माहीत असायचं, तो तलाठ्याच्या कानावर घालायचा. ते गेलं आणि त्याच्या जागी नवीन काही आलं नाही.

बरं, मुख्य गोष्ट विचारायची राहिली. सातबारा हातात आला म्हणालात, नीट वाचलात का? चारही नावं, क्षेत्र, फेरफार क्रमांक, आणि जुना सोसायटीचा बोजा असेल तर तो इतर हक्कांच्या रकान्यात तसाच आहे का? बरेच लोक कागद मिळाल्याच्या आनंदात वाचत नाहीत आणि पाच वर्षांनी विकताना किंवा कर्ज काढताना चूक सापडते.

बांधावरचा

काका, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता पुन्हा काढून बघितला. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा पण डाउनलोड केला. क्षेत्र बरोबर आहे, बोजा नाही. बहिणीचं नाव बरोबर. आईच्या नावात एक काना राहिलाय. आधारवर आहे, इथे नाही. काल ती एवढा वेळ बघत बसली होती ते ह्याच्यासाठी की काय कोण जाणे, तिला सांगायचं जिवावर आलं असेल.

निवृत्त_अव्वल_कारकून

घाबरू नका. लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) आहे, त्याच अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. आधार, फेरफाराची नक्कल आणि तुमच्या मूळ अर्जाची प्रत जोडा म्हणजे चूक तुमची नाही हे दिसेल. अर्जाच्या दोन प्रती न्या.

बांधावरचा

मूळ अर्जात काना आहे, तपासलं. सोमवारी रजा टाकली आहे. ह्या वेळी आईला बरोबर घेऊन जातोय, तीच म्हणाली मी येते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मी माझ्या हाताने घेणार. काय होतं ते इथेच लिहितो.